पाठीचं दुखणं

आमचं जेवणाचं टेबल पहिली दोन वर्षं जेवायच्या कामाला आलंच नाही. त्यावर सुनेची कंपनी होती. दोन संगणक, तीन फोन, वायरींचा गुंता आणि चहाच्या कपांचे गोल डाग. आम्ही घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. माझा मुलगा म्हणायचा, "आई, या घरात आपण मालक की भाडेकरू?"

"तू भाडेकरू," मी म्हणायचे. "मी नोकरीत आहे."

ते खरंच होतं. तिच्या कंपनीतला पहिला फोन मी उचलला. सून त्याआधी एका मोठ्या रुग्णालयात बिलं करणाऱ्या विभागाची प्रमुख होती. काचेच्या पलीकडे माणूस विव्हळतोय आणि त्याची बायको अनामत रकमेसाठी भावाला, दिराला, शेजाऱ्याला फोन लावत सुटली आहे, हे तिने रोज पाहिलं होतं. तिची कल्पना साधी होती. लोकांनी दर महिन्याला आमच्याकडे थोडे पैसे भरायचे. दाखल व्हायची वेळ आली की रुग्णालयाने आम्हाला विचारायचं, आम्ही हमी द्यायची आणि त्यांनी अनामत न मागता माणसाला आत घ्यायचं. पुढे बिलाचं काय ते आम्ही आणि विमा कंपनी पाहून घेणार.

हमी दिली की रुग्णाच्या घरच्यांना फोन करून तसं सांगायचं, हे माझं काम. मी नुसतं सांगून थांबत नसे. समोरची बाई रडत असायची, तिला कागद कुठे द्यायचा ते कळत नसायचं. मग मी म्हणायचे, "फोन ठेवू नका. उजवीकडे खिडकी दिसते का? तिथल्या माणसाला माझ्याशी बोलायला द्या." पेशंट आत जाईपर्यंत मी फोनवर असे. सुनेने हे पाहिलं आणि त्याचा नियमच करून टाकला. नंतर कंपनी वाढली, टेबलावरून उठून भाड्याच्या जागेत गेली आणि फोनवर बोलणाऱ्या बायका आल्या. त्यांना मी शिकवलं. त्यांच्या खोलीला सगळे फोनकक्ष म्हणत.

काय बायका होत्या एकेक! एकीचा आवाज असा की फोन नसता तरी रुग्णालयात ऐकू गेला असता. तिला खणखण म्हणायचे. एक इतकी हळू बोलायची की समोरचा माणूस आपोआप ओरडायचा थांबायचा. आणि त्यांची प्रमुख मुकादम. ते तिचं नाव नव्हतं, पण चालणं तसं होतं. पन्नाशी ओलांडलेली, नवरा लवकर गेलेला, चष्मा कपाळावर. आमच्या कामात प्रत्येक आजाराला एक आकडा असतो. या बायकांना ते आकडे तोंडपाठ. डबा खाताना एकमेकींना म्हणायच्या, "आज माझं दोनशे ऐंशी चाललंय," म्हणजे रक्त कमी झाल्यासारखं वाटतंय. मी निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून एकदा त्यांच्यात जाऊन बसायचे. मला त्या काकू म्हणत.

आता या सगळ्याला भूतकाळ लावावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत भांडवल घालणारे मोठे लोक आले. त्यांच्याशिवाय चालणार नव्हतं. सभासद वाढले होते आणि रुग्णालयं थांबायला तयार नव्हती. त्यांचं म्हणणं, हमी द्यायला माणूस कशाला? यंत्र क्षणात ठरवेल आणि घरच्यांच्या मोबाइलवर आपोआप संदेश जाईल. सुनेने आकडेमोड केली, आठवडाभर नीट जेवली नाही आणि मग मला म्हणाली, "आई, त्यांचं चूक नाही. रात्री येणाऱ्या माणसाला आपल्या बायका फोन उचलेपर्यंत ताटकळावं लागतं. यंत्राला झोप लागत नाही."

"आणि बायका?"

"बायकांना मी रस्त्यावर सोडणार नाही. तक्रारींच्या विभागात घेऊ, रुग्णालयात मदतनीस म्हणून बसवू. करारात तसं कलम घालून घेते."

तिने फोनकक्षात जाऊन हे सगळ्यांसमोर सांगितलं. मी तिथेच होते. "जे काही ठरेल, ते मी स्वतः इथे येऊन तुम्हाला सांगेन," ती म्हणाली. "तुम्हाला ते दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही."

मुकादमने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि म्हणाली, "हे लिहून घेऊ की चालेल असंच?"

"असंच चालेल," सून हसून म्हणाली.

त्यानंतर तीन-चार महिन्यांत तिला रक्त पडायला लागलं.

मला कळायला उशीर झाला. ती न्हाणीघरात जास्त वेळ घालवायला लागली होती आणि पांढरी फटक पडली होती. मी विचारलं की म्हणायची, दगदग. शेवटी एक दिवस मला घेऊनच डॉक्टरांकडे गेली, कारण मुलगा दीड-दोन वर्षांच्या कामासाठी परदेशी गेलेला होता आणि तपासणीनंतर गाडी चालवता येणार नव्हती. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. खालच्या टोकाला. डॉक्टर तरुण होते, कागदावर चित्र काढून समजावून सांगत होते. एवढा भाग काढायचा, इथे पोटावर आतड्याचं तोंड उघडायचं आणि त्यावर पिशवी लावायची. शौचाचं सगळं त्या पिशवीत.

"किती दिवस?" सुनेने विचारलं.

"कायमची," डॉक्टर म्हणाले.

सून मान हलवून ऐकत होती. बाहेर आल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलली असेल? "आपल्या कंपनीतून हमी घ्यायची नाही. माझा आकडा यादीत दिसला की फोनकक्षात सगळ्यांना कळेल."

"कळू दे की. आजार आहे, चोरी नव्हे."

"आई, प्लीज."

म्हणून आमच्याशी करार नसलेलं, गावाबाहेरचं रुग्णालय आम्ही शोधलं. ज्या बाईने हजारो लोकांना अनामत न भरता आत पाठवलं, तिची अनामत मी खिडकीवर भरली. कंपनीत सांगितलं, पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन आहे. पाठीचं दुखणं सगळ्यांना चालतं. त्याबद्दल कुणी तोंड वाकडं करत नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पिशवीचं मात्र तिला जमेना. बदलायला शिकवणारी परिचारिका मोठी गमतीदार होती. म्हणायची, "हिला लाडाने नाव ठेवा, मग राग येत नाही." सुनेने नाव ठेवलं नाही. ती दार आतून लावून घ्यायची आणि मी बाहेर उभी राहायचे. कधी आतून नुसता नळाचा आवाज यायचा, खूप वेळ. मी माझ्या मुलाला लहानपणी धुतलं, नवऱ्याला शेवटच्या वर्षात धुतलं. मला त्यात काही वाटलं नसतं. पण मी एकदा दारावर टकटक केली तर ती इतक्या परक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही जा," की मी गेले.

दोन महिन्यांनी ती कामावर जायला लागली. सैल सदरा, वर लांब जाकीट. औषधांची सलाइन चालूच होती. भांडवलवाल्यांबरोबर करारावर शेवटची बैठक ठरली. त्यांच्याच इमारतीत, लांबलचक टेबल, माणसं दोन्ही बाजूंना. मी अर्थातच तिथे नव्हते. काय झालं ते तिने मला पुष्कळ नंतर, एका वाईट दिवशी सांगितलं.

दुपार झाली होती आणि बायकांच्या कलमाचा विषय निघणारच होता. खोलीत शांतता होती, कुणीतरी कागद वाचत होतं. तेवढ्यात तिच्या पोटातून आवाज आला. तो काही तिच्या हातात नव्हता. पोटावरच्या त्या तोंडाला स्नायू नसतो, आवरता येत नाही. लांब, ओला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. शेजारचा तरुण क्षणभर तिच्याकडे पाहून पटकन दुसरीकडे पाहायला लागला. त्या न पाहण्यानेच ती मेल्यासारखी झाली. आणि मग तिला कळलं की पिशवीची कड सुटली आहे. ओल जाणवली. वास येईल, येतोच आहे, असं वाटलं. तिने फाइल पोटाशी धरली, "महत्त्वाचा फोन आहे," म्हणाली, आणि उठून गेली ती परत गेलीच नाही. टॅक्सीत तिने खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, थंडी आहे." ती म्हणाली, "असू दे."

त्या दिवसापासून ती घरून काम करायला लागली. व्हिडिओवर बैठक असली तरी कॅमेरा बंद. कराराचे कागद सहीसाठी घरी आले. तिने सही केली. बायकांचं कलम त्यात नव्हतं. ती खोलीत नसताना त्यावर कुणी बोललंच नव्हतं, आणि नंतर ते उकरून काढायचं तर पुन्हा त्या टेबलाशी जाऊन बसावं लागलं असतं.

फोनकक्ष बंद व्हायची तारीख जवळ आली. मी विचारायचे, "कधी जाणारेस त्यांच्याकडे?"

"या आठवड्यात."

तो आठवडा गेला. पुढचाही गेला. मग एका सकाळी मी भाजी निवडत होते आणि माझ्या मोबाइलवर मुकादमचा फोन आला. नेहमी ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची. त्या दिवशी केली नाही.

"काकू, एक वाचून दाखवते," ती म्हणाली. "प्रिय सभासद. आपल्या प्रकरणावर निर्णय झाला आहे. महिनाअखेरपासून फोनकक्ष बंद करण्यात येत असून आपल्या सेवेची आवश्यकता राहणार नाही. हा संदेश स्वयंचलित आहे, कृपया उत्तर देऊ नये. आपल्या प्रकृतीस लवकर आराम पडो, ही सदिच्छा."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली.

"आमच्या प्रकृतीला काय झालंय, काकू?"

"अगं, काहीतरी गडबड झाली असेल..."

"मॅडम आहेत का घरी?"

सून शेजारच्या खोलीत होती. जागी होती. दाराच्या फटीतून मला तिचे पाय दिसत होते, ती पलंगाच्या कडेला बसली होती.

"झोपली आहे," मी म्हणाले.

मुकादमने उसासा टाकला नाही की काही नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. तिने आयुष्यात कधी समोरच्याच्या आधी फोन ठेवलेला मला आठवत नाही. समोरच्याने ठेवल्यावर ठेवायचा, असं मीच तिला शिकवलं होतं.

झालं होतं असं. या बायकांना कंपनीचे ईमेल नव्हते. त्यांना त्याची गरजच नव्हती. सगळ्यांना एकदम निरोप पाठवायचा म्हणजे एकच सोय होती, रुग्णांना संदेश पाठवण्यासाठी आणलेलं, अजून चाचणीवर असलेलं यंत्र. सुनेने आपल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुख्य माणसाला मजकूर दिला आणि म्हणाली, पाठवून दे. त्या माणसाला सगळे वायरमन म्हणत. त्याने पाठवला. यंत्राने आपल्या सवयीने वर 'प्रिय सभासद' आणि खाली आजाऱ्याला द्यायची सदिच्छा जोडून टाकली.

वायरमनचा फोन आला तेव्हा सून माझ्यासमोर होती. तो जवळजवळ रडत होता. "मॅडम, शेवटची ओळ काढायची राहिली. चूक माझी आहे, मला काढून टाका."

"शेवटच्या ओळीचं जाऊ दे," ती म्हणाली. "वरच्या सगळ्या माझ्या होत्या."

तिने फोन ठेवला. मला वाटलं ती रडेल. ती नुसती टेबलाकडे पाहत बसली. तेच टेबल. आम्ही आता त्यावर जेवतो.

"तू जाणार होतीस," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"सगळ्यांसमोर बोलली होतीस."

"माहीत आहे, आई! माहीत आहे म्हणूनच..." तिने मोबाइल बाजूला सारला. "मी राजीनामा देते. पत्र पाठवते. नव्या माणसाला चेहरा तरी असेल दाखवायला."

"म्हणजे तेही पाठवणार. जाऊन देणार नाही."

मी हे बोलायला नको होतं, असं मला तेव्हाच वाटलं. ती आजारी होती. पण मीही त्या दिवशी कुणापुढे तरी खोटं बोलले होते आणि मला तोंडात काहीतरी कडू राहिल्यासारखं वाटत होतं. माझ्या हाताखाली शिकलेल्या बाईला मी 'झोपली आहे' म्हणून टाळलं होतं. तेव्हा मीही फार मऊ राहिले नाही.

मग तिने मला त्या लांब टेबलाची गोष्ट सांगितली. आवाज, तो तरुण, फाइल, टॅक्सी. सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. शेवटी म्हणाली, "मी त्यांची नोकरी एका आवाजासाठी घालवली. हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच तोंडाने," मी म्हणाले. "दुसरं कुठून आणणार?"

ती एकदम हसली. फार दिवसांनी. मग तिचे डोळे भरले. "तुम्ही येणार का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी माझ्या पर्समध्ये दोन जादा पिशव्या, ओले रुमाल आणि एक सदरा घेतला होता. लिफ्टमध्ये तिने आरशात स्वतःकडे पाहिलं, जाकिटाची बटणं लावली, पुन्हा काढली. फोनकक्षाच्या दाराशी ती थांबली. आतून सगळ्यांचे आवाज एकदम येत होते. "हो, आत जाऊ द्या त्यांना." "नाही, पैसे भरू नका." "बाळाला कुणाकडे तरी द्या आणि सही करा." हा गलका मी किती वर्षं ऐकला आहे. मला तर देवळात आल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी वाटलं, आपण परीक्षेला आलोय आणि अभ्यास केलेला नाही.

आम्ही आत गेलो तशी एकेक फोन संपवून बायका वळल्या. मुकादम उठली नाही.

"पाठ कशी आहे, मॅडम?" तिने विचारलं. आदर पुरेपूर होता, माया मात्र तिळभर नव्हती.

"पाठीला काही झालेलं नाही," सून म्हणाली. "मला आतड्याचा कर्करोग झाला. पोटावर पिशवी आहे, आवाज येतो, मला लाज वाटते. मी तुमच्यापासून लपवलं."

हळू बोलणारीने तोंडावर हात ठेवला.

खणखणच पहिल्यांदा बोलली. "मग त्या संदेशातली सदिच्छा तुमच्यासाठीच होती म्हणायची. चुकून आमच्याकडे आली."

एकजण फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. सून काही बोलणार तेवढ्यात मुकादमने हात वर केला.

"थांबा. आधी मला एक सांगा. हे तुम्ही आम्हाला आत्ता का सांगताय?"

"तुम्हाला खरं कळायला..."

"खरं ते वर्षभर होतंच. आज सांगितलंत कारण आज आम्ही चिडलोय. आता आजारी बाईवर कोण चिडणार? मी चिडले तर मीच वाईट. तुम्ही खुर्चीत बसणार, आम्ही पाणी आणणार, आणि आमच्या पोटापाण्याचं राहूनच जाणार. त्यासाठी आला असाल तर मॅडम, तुम्ही घरी जा."

सुनेचा चेहरा असा पडला की मी एक पाऊल पुढे टाकलं. मुकादम म्हणाली, "काकू, तुम्ही बसा. तुम्ही काल झोपलेल्या बाईची राखण करत होतात."

मी बसले. मान वर करायची हिंमत झाली नाही.

सून उभीच होती. "नाही," ती म्हणाली. "त्यासाठी नाही आले. चिडा."

आणि त्या चिडल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. या बायका आवाज सांभाळायचं काम करतात. पण एकेकीने जे सांगितलं ते ऐकवत नव्हतं. एकीने तो संदेश मुलीच्या हातून वाचून घेतला होता, कारण चष्मा सापडत नव्हता. एकीला वाटलं की नवऱ्याच्या उपचाराच्या हमीचाच निरोप आला आणि तिने दोन ओळी वाचून देवाचे आभारसुद्धा मानले होते. खणखण म्हणाली, "मला राग याचा नाही की यंत्र आलं. मला राग याचा की तुम्ही आम्हाला यंत्राच्या हवाली केलंत." सून प्रत्येकीकडे पाहत होती. खाली पाहायचं नाही, असं तिने ठरवलेलं दिसत होतं, आणि ते किती जड जातंय ते मला तिच्या मानेवर दिसत होतं.

मध्येच तिच्या पोटातून आवाज आला. चांगला लांब.

तिचा हात आपोआप पोटाकडे गेला. कान लाल झाले. मी पर्स उघडली. कुणी इकडे पाहिलं नाही की तिकडे पाहिलं नाही. होत्या तशाच सगळ्या तिच्याकडे पाहत राहिल्या.

"हाच का तो?" मुकादमने विचारलं.

"हाच."

"यालाच लाजून तुम्ही आमच्याकडे आला नाहीत?"

"तुमच्याकडे आले नाही ते आहेच," सून म्हणाली. "त्याहून वाईट आहे. तुम्हाला दुसरं काम द्यायचं कलम करारात यायचं होतं. त्या बैठकीत त्यावर बोलायच्या आधी हा आवाज झाला आणि पिशवी गळली. मी उठून निघून गेले. पुन्हा गेले नाही. ते कलम राहिलं ते कुणी नाकारलं म्हणून नाही. मी तोंड लपवलं म्हणून."

हे तिने सांगायची गरज नव्हती. हे कुणालाही कधी कळलं नसतं. मीसुद्धा मनात म्हटलं, अगं, एवढं कशाला!

मग फोन वाजायला लागला आणि हळू बोलणारीने तो उचलला. रुग्ण थांबू शकत नव्हता. ती तिच्या त्या मऊ आवाजात कुणाला तरी दाराचा रस्ता सांगत राहिली.

मुकादमने चष्मा काढून पुसला. "त्या बैठकीतला मुख्य माणूस कोण?"

सुनेने सांगितलं.

"लावा त्याला फोन."

"आत्ता? भेटीची वेळ घेऊन मी..."

"वेळ घेऊन तुम्ही जाणार नाही," मुकादम म्हणाली. "माफ करा, पण माझा आता भरवसा नाही. इथून लावा. आम्हाला ऐकू येईल असा."

सून खुर्चीत बसली. मुकादमने आपला फोन तिच्यापुढे सरकवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. पलीकडे आधी सचिव आली, मग तो माणूस. "अरे वा, पाठ कशी आहे?" तो म्हणाला.

तिने सांगितलं. आजार, पिशवी, त्या दिवशी ती का उठली, सगळं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो घाईघाईने म्हणाला, "अहो, हे... हे खासगी आहे, मला सांगायची काहीच गरज नव्हती. तुम्ही तब्येत सांभाळा."

"तब्येत मी सांभाळते," सून म्हणाली. "मला ते कलम परत हवंय. ते माझ्यामुळे राहिलं."

"करार झालाय आता."

"झालाय. पण यंत्र चालू करायचं प्रमाणपत्र माझ्या सहीने जातं आणि ते अजून गेलेलं नाही. मी अडवून धरणार नाही. मी विचारतेय. या बायका इथे बसल्या आहेत आणि ऐकताहेत."

तो म्हणाला, पाहतो, सहकाऱ्यांशी बोलतो.

मुकादमने कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी लिहून तिच्यापुढे धरलं. सुनेने वाचलं. "कधीपर्यंत?" तिने विचारलं.

"शुक्रवारी कळवतो."

"शुक्रवारी मी येते. तुमच्याकडे, त्याच खोलीत. माझ्याबरोबर आमच्या फोनकक्षाच्या प्रमुख असतील. एकच सांगते, आवाज आला तर बैठक थांबवू नका."

शुक्रवारी दोघी गेल्या. दोनदा आवाज आला, असं मुकादमनेच मला नंतर सांगितलं. "पहिल्यांदा ते साहेब पाणी प्यायले. दुसऱ्यांदा आम्ही प्यायलो." अर्ध्याहून जास्त बायकांना जागा मिळाल्या, तक्रार विभागात आणि रुग्णालयांमध्ये. बाकीच्यांना मिळाल्या नाहीत. यंत्र सुरू झालं आणि खरं सांगायचं तर चांगलं चालतं. रात्रीचा माणूस आता ताटकळत नाही. सुनेच्या पुढच्या तपासण्या अजून चालू आहेत. तिने आपली पुढची हमी आपल्याच कंपनीतून घेतली.

मुकादमला सगळ्यात मोठी जागा देऊ केली होती. तिने नको म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही.

गेल्या आठवड्यात सून तिच्या घरी गेली, कुणालाही न पाठवता, स्वतः. मी विचारलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हा आपण होऊनच म्हणाली, "मुकादमकडे जाऊन आले."

"काय म्हणाली?"

"दारातच बोलली. तब्येतीचं विचारलं. तुमचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. जागेचं म्हणाली, विचार करून झालाय, नको." तिने पाण्याचा पेला भरला. "आत या म्हणाली नाही, आई. मी जिन्यात उभी होते. शेजारची बाई कचरा टाकायला जाता-येता दोनदा बघून गेली."

"आणि तू?"

"मी परत जाईन," ती म्हणाली, आणि भाताचा वाडगा माझ्याकडे सरकवला. "पुढच्या महिन्यात. तिला नसेल बोलवायचं आत, तर तिथेच उभी राहीन."